नवे गिऱ्हाईक आणि स्वस्त संगणक



उसाचे पैसे खात्यावर जमा झाले की अंबाजोगाईच्या बाजारात काय काय खपते, हे आपणांस सांगावयास नको. एके काळी सायकल, रेडिओ आणि शिलाई मशीन. पुढे मोटारसायकल आणि टी.व्ही.; आता त्या यादीत संगणकाची भर पडली आहे. मुलगी बारावी झाली किंवा पोरगा पॉलिटेक्निकला लागला की घरात विषय निघतो, "एक लॅपटॉप लागतोय." नव्याची किंमत ऐकून बाप गप्प बसतो. मग कुणी पाहुणा सांगतो, "अहो, बारा हजारांत मिळतोय की, चांगल्या कंपनीचा!" आणि दुसऱ्या दिवशी तो घरी येतो. ज्या घरात यापूर्वी संगणक कधी आलाच नाही, अशा घरातली ही पहिली खरेदी. आजचा आमचा लेख या पहिल्या खरेदीविषयी आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्वस्त संगणक विकणे यात वावगे काही नाही. गरिबाच्या घरी विद्या जायची तर वस्तू स्वस्तच व्हावयास हवी. पण ज्याने जन्मात संगणक हाताळला नाही त्याच्या गळ्यात, केवळ स्वस्त म्हणून, काहीतरी बांधायचे आणि पैसे मोजून घेतल्यावर पाठ फिरवायची, हा व्यवहार सरळ नव्हे. तो सरळ करणे आपल्या सहकाराच्या आवाक्यातले काम आहे.

कुणी म्हणेल, शेतकरी फसतो कारण तो अडाणी. हे आम्हांस बिलकूल मान्य नाही. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. पाण्याची मोटार घेताना विहीर किती खोल, पाइप किती लांब, जळाली तर भरून देणारा कोण, हे विचारल्याशिवाय आपण पैसे सोडत नाही. म्हणजे पारख आपल्याला आहे. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने आलेली आहे. संगणकाचे दात कुठे असतात, हे ज्याने दहा वर्षे संगणक वापरला त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा घेणाऱ्याला दिसते ते फक्त वरचे झाकण, कंपनीचे नाव आणि किंमत. यात त्याच्या अकलेचा दोष नाही. वस्तूच त्याला नवी आहे.

आता एक गोष्ट आपल्या शेतातलीच घ्या. नवा गडी आणि नवे खोंड कधी एका औताला जुंपू नयेत, हे आपले जाणते लोक सांगत आले. नव्या गड्याला शिकलेले बैल द्यावेत, म्हणजे बैलच त्याला तास शिकवतात. मुरलेला गडी असेल तर तो अडेल खोंडाकडूनही काम करून घेतो. संगणकाचेही हेच आहे. जाणकार माणूस जुन्या, मंद यंत्रावरसुद्धा निभावून नेतो. काय बिघडले ते त्याला कळते, नको ते काढून टाकता येते. नवशिक्याला यातले काहीच येत नसते, म्हणून त्याला उलट जास्त भरवशाचे यंत्र हवे. बाजारात मात्र बरोबर उलटे चालते. भरवशाचे यंत्र जाणकाराच्या टेबलावर आणि सर्वांत अडेल खोंड नव्या गड्याच्या हाती!

याचा खरा फटका पैशाला बसत नाही, पोराला बसतो. यंत्र सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागतात, मध्येच पडदा गोठतो, लिहिलेले पान नाहीसे होते. मुलगी कावरीबावरी होते. बाप म्हणतो, "एवढे पैसे घातले अन्‌ तुला चालवता येईना?" थोड्या दिवसांनी तिलाही तसेच वाटू लागते, की आपल्या डोक्यातच कमी आहे. लॅपटॉप कपाटात जातो आणि त्याच्याबरोबर तिची उमेदही. दोष यंत्राचा, पण ठपका पोरीवर. बारा हजार रुपये पुढच्या हंगामात भरून निघतील. ही उमेद कोणत्या हंगामात भरून निघणार?

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असेही नव्हे. इंग्लंडात सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८१ साली 'झेडएक्स ८१' नावाचा संगणक ६९ पौंड ९५ पेन्सला विकावयास काढला. घरचा टी.व्ही. हाच त्याचा पडदा, आणि साठवणीला गाण्यांचा कॅसेट-रेकॉर्डर. मेमरी अवघी १ केबी, म्हणजे हजारभर इंग्रजी अक्षरे मावतील एवढी. जास्त हवी तर मागे एक डबी जोडायची. पण ती डबी इतकी सैल बसे की टेबलाला धक्का लागला तरी तासाभराचे काम पुसून जाई. १९८२ मध्ये याच यंत्राचा २ केबीचा अवतार अमेरिकेत टायमेक्स या घड्याळाच्या कंपनीने ९९ डॉलर ९५ सेंटला आणला. जी दुकाने मनगटी घड्याळे विकत, तीच आता संगणक विकू लागली. घड्याळाला चावी कशी द्यायची हे सांगणारा विक्रेता गिऱ्हाइकाला संगणकाबद्दल काय शिकवणार? पुढे कंपन्यांमध्ये भाव पाडण्याची चढाओढ लागली. ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बड्या कंपनीने मोठा तोटा सोसून घरगुती संगणकाचा धंदा सोडला आणि १९८४ मध्ये टायमेक्सही बाहेर पडली.

न्यायाचे बोलायचे तर या स्वस्त यंत्रांनी भलेही केले. त्यांच्यावर बोटे चालवून कितीतरी मुले पुढे मोठी जाणकार झाली. परंतु ती कोणती मुले? ज्यांना मुळात नाद होता, वाचायला मासिके होती, विचारायला मित्र होते. बाकीच्यांची यंत्रे माळ्यावर गेली. स्वस्त किमतीने दार उघडले, पण उंबरा ओलांडायला हात देणारा ज्यांच्यापाशी होता तेच आत गेले.

आपल्या देशातले उदाहरण अजून पुष्कळांच्या आठवणीत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब्लेटचे उद्घाटन झाले. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. साऱ्या जगात वाहवा झाली. पण हाती आल्यावर पोरांनी काय पाहिले? बोट दाबून धरल्याशिवाय पडदा ऐकत नव्हता, चाल मंद होती, बॅटरी लवकर बसत होती. तक्रारी झाल्या. पुढे काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आले, प्रा. दीपक फाटक यांनी त्यात लक्ष घातले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये 'आकाश २' आला. त्याचा पडदा चांगला होता आणि मेमरी २५६ एमबीची ५१२ एमबी, म्हणजे दुप्पट. यातून आम्ही एवढेच घेतो, की किमतीचा आकडा आधी ठरवून त्यात बसेल तेवढेच यंत्र केले, की पहिला फटका विद्यार्थ्याला बसतो. परदेशात 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजलेल्या यंत्राचीही किंमत प्रत्यक्षात दोनशे डॉलरच्या आसपास गेली. प्रामाणिक वस्तूला काही एक दाम पडतोच.

आणि अप्रामाणिक स्वस्ताई कशी असते तेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली. २५१ रुपये! एवढा तर आपण लग्नात आहेर करतो. तरी नोंदणीला अशी झुंबड उडाली की यंत्रणा कोलमडली. वर्षभराने फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला पोलिसांनी अटक केली. स्वस्ताची ओढ शहाण्यालाही सुटत नाही.

आता आजच्या बाजाराकडे वळू. स्वस्त म्हणून जे लॅपटॉप येतात त्यांतले पुष्कळसे मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांनी वापरून काढून टाकलेले असतात. हे वाईटच असतात असे नाही. चांगला साफसूफ केलेला जुना लॅपटॉप हलक्या नव्यापेक्षा सरस ठरतो. पण एक गोष्ट गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितली जाते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. नोंदणी केल्यास वाढीव मुदत मिळते, पण ती कायमची नव्हे. पुढची 'विंडोज ११' घालावी तर इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांना ती कंपनीच्या नियमांत बसत नाही. म्हणजे अशी यंत्रे एकगठ्ठा निकालात निघणार आणि ती येणार कुठे? ज्याला 'कितव्या पिढीचे' हा प्रश्नच माहीत नाही, त्याच्या दारात. कुठे प्रणालीची चोरून केलेली प्रत घातलेली असते, कुठे बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. उलट काही नवे स्वस्त लॅपटॉप दिसायला झकपक असतात, पण आतली प्रणाली मोबाइलसारखी. पोराला टॅली शिकायची असते आणि टॅली त्यावर चालत नाही. दुकानदाराने विचारले नाही, आपण सांगितले नाही.

दुकानदाराचीही बाजू आम्ही समजून घेतो. बारा हजारांच्या विक्रीत त्याला सुटणार किती? त्यात तो दोन दिवस बसून तुमच्या घरी शिकवील, ही अपेक्षा धरणेही बरोबर नव्हे. पण मग त्याने उघड सांगावे, की बाबा रे, ही नुसत्या डब्याची किंमत. शिकवणीचे एवढे वेगळे, दुरुस्तीचे एवढे वेगळे. ते ऐकून ज्याला परवडेल तो घेईल. शिकवणही मोल देऊन घ्यावी लागते आणि लोक ती घेतात, हे 'एमएस-सीआयटी'ने दाखवून दिले. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलांना फी घेऊन मराठीतून संगणक शिकवला. त्याने यंत्र विकले नाही, शिक्षण विकले. म्हणून ते टिकले.

आपल्यासारख्याच एका साखर कारखान्याच्या परिसरातला अनुभवही येथे सांगण्याजोगा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ साली केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक-जोडणीचा प्रकल्प सुरू झाला. शेतकरी गावात बसून जगाचे ज्ञान मिळवील, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात या केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताची मागणी, वजन आणि बिलाचा हिशेब यांसाठी. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या संदेशाने हीच माहिती देऊन पाहिली, आणि ते काम कमी खर्चात झाले. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, काम काय आहे ते आधी ठरवावे आणि मग यंत्र घ्यावे. मोबाइलवर भागत असेल तर लॅपटॉपला पैसे घालू नयेत. दुसरी, जिथे केंद्र चालवायला माणूस होता आणि रोजचे काम होते, तिथेच संगणक वापरात राहिला.

भाषेचेही एक सांगितले पाहिजे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईत आहे. ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी गहन ज्ञान मराठीत आणले, त्याला आठशेहून अधिक वर्षे झाली. त्याच अंबाजोगाईत आज यंत्राच्या खोक्यात इंग्रजी पुस्तिका निघते आणि शेतकऱ्याने ती गुपचूप कपाटात ठेवावी, ही काय तऱ्हा झाली? नवशिक्याला विकायचे तर दोन पानांची का होईना, मराठी माहिती सोबत दिलीच पाहिजे.

मग करावे काय? आम्ही काही सूचना सभासदांपुढे ठेवतो.

पहिली, घेताना विचारायचे प्रश्न. मेमरी म्हणजे खळे आणि साठवण म्हणजे बळद. खळे लहान असेल तर बळद कितीही मोठे असो, काम तुंबणारच. विंडोजच्या लॅपटॉपला आज ८ जीबी मेमरी आणि एसएसडी जातीची साठवण असावी, असे आमचे मत आहे. प्रोसेसर कितव्या पिढीचा, विंडोज अस्सल की उसनी, बॅटरी किती वेळ चालते, हे दुकानातच चालवून पाहावे. बैल चालवून पाहतो तसे! आणि मुलीला बरोबर न्यावे. वापरणार ती आहे.

दुसरी, पक्के बिल घ्यावे. त्यावर यंत्राचा क्रमांक, 'जुने' की 'नवे' आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोनही करता येतो. पण हातात बिल नसेल तर कायदा तरी काय करील?

तिसरी, आणि आमच्या मते मुख्य, म्हणजे एकट्याने घेऊ नये. एकटा गिऱ्हाईक म्हणजे सुटा ऊस, कुणीही मोडावा. मोळी बांधली की मोडत नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून घरातले वाणसामान एकत्र खरेदी करण्याची रीत घालून दिली. एका गटातल्या पंचवीस सभासदांना मुलांसाठी संगणक हवे असतील, तर एका जाणकार प्राध्यापकाला सोबत घेऊन पंचवीस यंत्रांचा एकच भाव, एकच हमी आणि आठ दिवसांची शिकवणी ठरवता येईल. पंचवीस यंत्रांसाठी दुकानदारही शिकवायला माणूस देईल, कारण आता त्याला ते परवडते.

यावर कुणी म्हणेल, कारखान्याने ऊस गाळावा, वेळेवर भाव द्यावा. हे संगणकाचे लचांड कशाला? आक्षेप योग्य आहे. उसाचे पैसे वेळेवर मिळणे हे पहिले काम, त्याच्या आड काही येता कामा नये. म्हणूनच आम्ही कारखान्याचा एक रुपयाही मागत नाही. पैसे ज्याचे त्याने द्यायचे. गट कार्यालयात नावे नोंदवण्याची वही ठेवावी, आणि वार्षिक सभेत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, एवढीच मागणी आहे. को ८६०३२ जातीचे बेणे आपण प्रथम लावले तेव्हा ते कुणी रस्त्यावर टाकून निघून गेले नव्हते. कोणत्या जमिनीत, किती अंतरावर, कोणत्या महिन्यात, हे सांगणारी शेतकी खात्याची माणसे बांधावर आली होती. बेणे आणि सल्ला बरोबर आले म्हणून ऊस उभा राहिला. संगणक हे आपल्या पोरांच्या शिक्षणाचे बेणेच आहे. त्याला निराळा न्याय का असावा?

येता हंगाम संपेपर्यंत आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांत पहिला संगणक येईल. तो स्वस्त असावा, अशीच आमची इच्छा आहे. मात्र स्वस्त याचा अर्थ घेताना कमी पैसे पडले एवढाच धरू नये. तीन वर्षांनीही पोरगी त्यावर काम करीत असेल, तरच तो स्वस्त पडला असे म्हणावे. ज्यांच्या घरी ही खरेदी व्हायची आहे त्यांनी गडबड न करता आपल्या गटातल्या चार सभासदांशी आधी बोलावे आणि नावे एकत्र करावीत. ज्यांनी घेऊन झाला आहे, त्यांनी कपाटातला काढून जाणकाराला दाखवावा. पुष्कळदा मेमरी आणि एसएसडी बदलल्याने मेलेले यंत्र उठून बसते. आणि पोरीला बोल लावण्याआधी यंत्र तपासावे, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

सभासदांनी या विषयावर विचार करावा आणि आपली मते गट कार्यालयात जरूर कळवावीत, ही विनंती.